थांबू शकणाऱ्यांची रांग

करंजगावच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बावीस वर्षं काढल्यावर हेमलता साळेगावकरला एक गोष्ट पक्की कळली होती. ओरडणाऱ्या माणसापुढं आपण आवाज चढवला की काम बिघडलंच. गाडी चाळीस मिनिटं लेट आहे, लग्नाची वेळ टळत चाललीय, आणि समोरचा माणूस जाळीतून बोट आत घालून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. अशा वेळी खालच्या पट्टीत, सावकाश म्हणायचं, ‘गाडी निघालीय, जरा थांबा.’ डेपोत तिला ‘थंडा कंट्रोलर’ म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. पुढं त्याच अभिमानानं घात केला. ते सांगताना सांगणाऱ्याचंही डोकं तापतं.

रांगांचं पुस्तकी ज्ञान तिला नव्हतं, पण रांगा रोज तिच्या डोळ्यांसमोर होत्या. वेळापत्रकात दर वीस मिनिटांनी गाडी. प्रत्यक्षात एक गाडी रेल्वे फाटकाला अडकते, पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साचतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी रखडते आणि मागची गाडी तिला येऊन चिकटते. मग तासभर काही नाही, आणि नंतर तीन गाड्या एकदम. गाड्या विजेवर धावायला लागल्या तरी यात काडीचा फरक पडला नाही. सरासरी काढाल तर वीस मिनिटंच येते, पण प्रवासी काही सरासरीत उभा राहत नाही. मोकळ्या तासाभरात साठ मिनिटांची माणसं येऊन साठतात आणि दोन मिनिटांच्या फटीत दोनच मिनिटांची. म्हणून ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘माझ्याच नशिबी नेहमी लांबचा खाडा येतो.’ तो खोटं बोलत नसतो.

तेव्हा उशीर म्हणजे कुणाचा तरी डाव, असं मानणाऱ्यांतली ती नव्हती. वैजूचा नंबर लागेना तेव्हाही तिनं तसं मानलं नाही.

वैजू म्हणजे वैजयंता, तिची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आक्काकडंच राहायची आणि ब्लाऊज शिवायची. गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठ अजून जागची हललेली नाही, किरणांचे पंचवीस शेक वेळेवर मिळाले तर बाई बरी होईल. फार तर तीन महिने, त्यानंतर मी शब्द देणार नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या.

शेक देणारं यंत्र चार जिल्ह्यांत मिळून एकच, शहरातल्या किरणोपचार केंद्रात. अगदी तातडीच्या रुग्णांचा लाल गट डॉक्टर लावत. बाकी सगळे पिवळ्या गटात आणि त्यांचा क्रम लावायचं काम ‘क्रमिका’ नावाच्या यंत्रणेकडं. क्रमिका दर सोमवारी सकाळी फोनवर एकच प्रश्न विचारायची : ‘आपण आणखी थांबू शकता का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

हेमलता दर सोमवारी ‘हो’ दाबायची, आणि मदत क्रमांकावर चौकशी केली तरी खालच्या पट्टीतच. नाही म्हटलं की नाव कापलं, हे सरकारी रांगेत वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तपासणीला, शेकाला जाणाऱ्यांचे सवलतीचे पास तिच्याच खिडकीत शिक्का मारून मिळत. ती माणसं फोन पुढं करून विचारायची, ‘बाई, काय दाबू?’ आणि हेमलता त्यांना सांगायची, हो दाबा, नाव राहील. निम्म्या तालुक्याला तिनं हेच सांगितलं होतं.

गयाबाईसाठी तर ती स्वतः दाबायची. गयाबाई चार नंबरच्या फलाटावर पेरू विकायची. मिश्री लावून लावून तिच्या गालात कर्करोग झाला, जबडा धरला, बोलणं बंद पडलं. तिच्याकडं फोन नव्हता, म्हणून केंद्रात हेमलताचा नंबर दिलेला. सोमवारी हेमलता खिडकीतून खूण करायची, अजून नाही. गयाबाई तळहात हलवून सांगायची, असू दे, घाई नाही. तिला नाव नोंदवून पाच महिने होत आले होते.

अकराव्या सोमवारी एक ठेकेदार खिडकीशी आला. पास जमा करायला. त्याचे पंचवीस शेक पुरे झाले होते. हेमलतानं तारीख पाहिली. त्यानं नाव नोंदवलं होतं वैजूनंतर तीन आठवड्यांनी.

तिनं त्या दुपारी पासांचं रजिस्टर काढलं. त्रेचाळीस नावं. नोंदणीची तारीख, बोलावणं आल्याची तारीख, मध्ये गेलेले आठवडे. जुन्या लॉगशीटच्या पाठीवर तिनं एकेका आठवड्याच्या रकान्यात एकेक रेघ मारली. रांगेतल्या उशिराचं चित्र कसं दिसतं हे तिला गाड्यांवरून माहीत होतं. एक उंचवटा असतो, आणि उजवीकडं लांब जाणारी शेपूट. त्या शेपटीत दुर्दैवी माणसं. इथं शेपूट नव्हतीच. तिसऱ्या आठवड्यापाशी एक उंचवटा, पंधराव्यापाशी दुसरा आणि मध्ये सगळं रिकामं. योगायोगानं उशीर झाला असता तर सगळ्या लांबीचे उशीर दिसले असते. दोन उंचवटे म्हणजे दोन रांगा.

पहिल्या उंचवट्यातली नावं तिनं बोटानं वाचली. ठेकेदार. वकिलांची बायको. सुट्ट्या पैशांवरून रोज कंडक्टरची गचांडी धरणारा तो गॅरेजवाला. एकोणीस नावं, आणि त्यातल्या सोळा जणांना ती आवाजावरून ओळखत होती, कारण या जाळीतून बोट आत घालून तिच्यावर ओरडलेली माणसं तीच होती.

तिनं रजा टाकली आणि पहिल्या गाडीनं शहर गाठलं.

क्रमिका सांभाळणारा संख्याशास्त्रज्ञ मिहीर केळवकर पस्तिशीचा, अदबीनं बोलणारा माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिची लॉगशीट बघून तो चक्क खूश झाला. अशी आकृती हातानं काढलेली त्यानं प्रथमच पाहिली होती म्हणे.

त्यानं नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. यंत्राकडं आठवड्याला बारा जागा, नवे रुग्णही साधारण बाराच. वाटतं की मग रांग जिथल्या तिथं राहील. राहत नाही. एखाद्या आठवड्यात सतरा येतात, एखाद्यात सात. सातच्या आठवड्यात रांग आधीच संपलेली असेल तर मोकळ्या गेलेल्या जागा साठवून ठेवता येत नाहीत, पण सतराच्या आठवड्यातले जादा पाच मात्र रांगेत साठतात. क्षमता आणि गरज अगदी बरोबरीला आली की रांग वाढतच जाते, हा गणिताचा नियम आहे. कंटाळून तिसरा हिस्सा माणसं रांग सोडून जात होती, भगताकडं, जडीबुटीवाल्याकडं. वर्तमानपत्रांत बोंब झाली. तेव्हा सरकारनं क्रमिका आणली आणि करारात लिहिलं की गळती पाच टक्क्यांखाली आणा.

“प्रत्येक माणसाच्या धीराची एक रेषा काढता येते,” केळवकर म्हणाला. अमुक दिवशी तो अजून रांगेत असण्याची शक्यता किती, ते सांगणारी. काहींची रेषा तिसऱ्या आठवड्यात कोसळते, काहींची हळूहळू उतरते. क्रमिका ती रेषा सोमवारच्या उत्तरावरून आणि मदत क्रमांकावरच्या आवाजावरून ओळखते, आणि ज्यांची रेषा कोसळायला आलीय त्यांना आधी बोलावते. गळती एकतीस टक्क्यांवरून चारवर आली होती.

“आणि ज्यांची कोसळत नाही त्यांचं काय?” हेमलतानं विचारलं.

“ते थांबतात. आकडेवारी तेच सांगते.”

“थांबता थांबता मेले तर? ते धरता का गळतीत?”

केळवकरनं चष्मा काढून पुसला. “मृत्यू गळतीत धरत नाहीत. तशी व्याख्याच आहे करारात. तो माणूस रांग सोडून गेला असं म्हणता येत नाही ना, मॅडम.”

हेमलतानं आवाज चढू दिला नाही. बावीस वर्षांची सवय, खालच्या पट्टीतली. केळवकरनं पडद्यावर वैजूची रेषा काढून दाखवली. ती टेबलाच्या कडेसारखी सपाट होती. चार जिल्ह्यांत इतका धीर मोजक्याच घरांत आहे, असं तो कौतुकानं म्हणाला. तुमचा मदत क्रमांकावरचा आवाज तर आम्ही नमुना म्हणून ठेवलाय. दुसरं यंत्र का आणत नाही, असं तिनं विचारलं. प्रस्ताव गेला होता, पण गळती चार टक्क्यांवर आल्यावर दुसऱ्या यंत्राची गरज उरली नाही असा शेरा मारून तो परत आला होता.

ती उठली तेव्हा तो दारापर्यंत आला. माणूस वाईट नव्हता, आणि हेमलताला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. तो हळूच म्हणाला, “येत्या सोमवारी ‘नाही’ दाबा. मदत क्रमांकावर फोन करा आणि जरा चिडून बोला. अकरा जागा ठरल्यात, एक सुटी आहे. गुरुवारी बोलावणं येईल.”

दोन तासांच्या परतीच्या प्रवासात हेमलता खिडकीशी बसून ती लॉगशीट पुन्हा पुन्हा उलगडत होती. बावीस वर्षं लोकांचे शिव्याशाप गिळले ते शहाणपण म्हणून, आणि कुणीतरी बसून त्या शहाणपणाची रेषा काढली आणि त्या रेषेवर तिची बहीण टांगली. बरं, एकटी वैजू नव्हती. खिडकीशी येऊन ‘काय दाबू’ विचारणारा प्रत्येक माणूस होता. दुसऱ्या उंचवट्यातली चोवीस नावं तिला पाठ झाली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना ‘हो’ दाबायला तिनंच सांगितलं होतं.

घरी वैजू काज करत बसली होती. हेमलतानं तिला सगळं सांगितलं. वैजूनं सुई खाली ठेवली आणि पहिलं विचारलं, “मग गयाबाईचं बी ‘नाही’च दाबशील ना, आक्का?”

“दाबते की,” हेमलता म्हणाली.

सोमवारी सकाळी दोन्ही प्रश्न पाठोपाठ आले. वैजूच्या प्रश्नावर तिनं ‘नाही’ दाबलं. मग गयाबाईच्या नावावर अंगठा थांबला. जागा एकच होती. दोघींनी नाही म्हटलं आणि यंत्रानं जुनी तारीख बघून गयाबाईला उचललं तर वैजू पुढच्या आठवड्यावर जाईल, आणि पुढच्या आठवड्यात किती ठेकेदार ओरडतील कोण जाणे. एक आठवड्याचाच प्रश्न आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाच महिने काढले तिथं सात दिवस. तिनं गयाबाईसाठी ‘हो’ दाबलं.

मग पार्सल ऑफिसच्या मागं जाऊन तिनं मदत क्रमांक लावला. जे काही तिच्या तोंडून निघालं ते ऐकून हमालांनी बिड्या विझवल्या. तिला नाटक करावं लागलं नाही. बावीस वर्षांत जाळीतून आत आलेली एकूणएक शिवी तिच्याजवळ जपून ठेवलेली निघाली.

गुरुवारी वैजूला बोलावणं आलं. अडीच महिने हलली नाही ती रांग तीन दिवसांत सरकली. वैजू रोज सकाळी साडेसहाच्या गाडीनं जायची आणि दुपारी थकून परतायची, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

पुढच्या सोमवारी हेमलतानं गयाबाईसाठी ‘नाही’ दाबलं आणि पुन्हा मदत क्रमांक लावला, पुन्हा तोंड सोडलं. पलीकडच्या यंत्रानं गोड आवाजात सांगितलं की या आवाजाची तक्रार गेल्या आठवड्यात निकाली निघाली आहे. ती ओरडली, ही दुसऱ्या बाईची आहे. यंत्र म्हणालं, रुग्णाला किंवा तिच्या नातेवाइकाला बोलायला सांगा. गयाबाईला नातेवाईक नव्हते, आणि बोलायला जबडा. नुसत्या बटणावर क्रमिका विश्वास ठेवत नव्हती. हेमलतानं केळवकरला फोन लावले. तो बैठकीत होता, मग दौऱ्यावर होता. त्यापुढच्या सोमवारीही तिनं ‘नाही’ दाबलं.

त्या शनिवारी चार नंबरच्या फलाटावर पेरूची पाटी आली नाही. दुपारी कुणीतरी निरोप आणला की गयाबाई पहाटेच गेली. शेवटचे आठ दिवस तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी हेमलताच्या फोनवर प्रश्न आला. ‘गयाबाई, आपण आणखी थांबू शकता का?’

हेमलतानं ‘नाही’ दाबलं. मग ती वळली आणि टेबलावरचा डेपोचा फोन उचलला. एसटीचे कंट्रोलर रोज सकाळी एकमेकांना फोन करतात. कोणती गाडी कुठं रखडली, कोणती सुटली, हे विचारायला. चार जिल्ह्यांतल्या अकरा स्टँडच्या खिडक्यांत कोण बसतं ते एकमेकांना तोंडपाठ असतं. तिनं अकराही जणांना फोन केले. गाड्यांचं कुणाशी बोलली नाही. अकराव्यानं विचारलं, हे वरून आलंय का? ती म्हणाली, खालून आलंय. तो हो म्हणाला.

नंतर तिनं माईक ओढला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावं. शेकासाठी नाव नोंदवलेल्या सगळ्यांनी ऐका. आज फोनवर प्रश्न येईल, त्याला नाही म्हणा. मी तुम्हाला हो दाबायला सांगत होते, ते चुकलं. हो म्हणणाऱ्याला हे लोक मागं ढकलतात. नाही दाबल्यानं नाव कापत नाहीत. नाही दाबा. ज्यांना दाबता येत नाही त्यांनी माझ्याकडं या.”

डेपो मॅनेजर धावत आले, पण तोवर तिनं ते तीनदा सांगितलं होतं. त्यांनी माईकची वायर काढली आणि तिच्याकडून खुलासा मागवला. ती लिहीत बसली तोवर खिडकीशी रांग लागली होती, हातात फोन धरून.

संध्याकाळी केळवकरचा फोन आला. आता तो बैठकीत नव्हता. दीडशे माणसांनी एका दिवसात नाही म्हटलं होतं, त्याच्या तक्त्यावर गळतीचा धोका शंभर टक्के दिसत होता आणि मंत्रालयातून विचारणा झाली होती. सगळ्यांचंच उत्तर एक आलं तर माणसामाणसांत फरक करायला यंत्राजवळ काही उरत नाही, तो हताशपणे म्हणाला. उत्तराला काही वजनच राहत नाही. मग उरते फक्त नोंदणीची तारीख. आजपासून यादी तारखेनं लागली होती, सरळ, पहिला आलेला पहिला. तुम्ही लोकांना जरा समजवा, दोन आठवडे दिलेत तर आम्ही नवं सूत्र आणतो, असं तो सांगत राहिला. हेमलतानं फोन ठेवून दिला.

लगेच दुसरा संदेश आला. यादीतली सगळ्यात जुनी तारीख कुणाची, हे तिच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. ‘गयाबाई, आपला क्रमांक आला आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे.’

गुरुवारी हेमलता वैजूबरोबर साडेसहाच्या गाडीत चढली. वैजूचा तो सोळावा शेक होता. आक्का आपल्या सोबतीला आली म्हणून तिला बरं वाटलं. सगळ्या वाटेत ती बोलत होती, माईकवरच्या त्या घोषणेबद्दल लोक काय काय म्हणतात ते सांगत होती. गयाबाईची आठवण काढून तिनं डोळेही पुसले.

केंद्राच्या दालनात साठेक माणसं बाकांवर बसली होती. दहा वाजता नाव पुकारलं गेलं, गयाबाई. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पुकारल्यावर खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता पडद्याकडं बोट नेलं. पडद्यावर दोनच चौकोन होते, ‘हजर’ आणि ‘सोडून गेले’.

“थांबा,” हेमलता म्हणाली आणि खिडकीशी गेली. “काय लिहिताय?”

बाईंनी सांगितलं, तीनदा पुकारून कुणी आलं नाही की सोडून गेले असंच पडतं. आपण नातेवाईक आहात का? मृत्यू असेल तर नातेवाइकानं दाखला घेऊन अर्ज करायचा.

हेमलतानं जाळीतून बोट आत घातलं. तिचा आवाज चढला, इतका चढला की आतल्या खोलीतून केळवकर बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. बाकांवरची माणसं बघायला लागली. वैजूही बघत होती.

“ती सोडून गेली नाही. साडेपाच महिने एक शब्द न काढता थांबली. या अख्ख्या दालनात तिच्याइतकं कुणी थांबलं नसेल, आणि तुम्ही तिच्या नावापुढं सोडून गेली असं लिहिणार?”

“मॅडम,” केळवकर म्हणाला, “आपण आत बसून बोलू.”

“आत नाही. इथंच. तिला तुम्ही थांबवून मारलंत, ते लिहा. आणि एक सुटी जागा होती तेव्हा बहिणीचा नंबर लागावा म्हणून तिच्या नावावर हो दाबलं, ते मी. मी दाबलं. दोन्ही लिहा.”

खिडकीतल्या बाईंचं बोट पडद्यासमोर तसंच राहिलं.

मग आतून पुढचं नाव आलं, वैजयंता मुळे. वैजू उठली. तिची पिशवी सगळ्या वाटेत आक्काच्या मांडीवर होती. आता ती तिनं शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवली आणि बहिणीकडं न बघता ती आत गेली.